रंगावर मारलेला टाका

दगू अण्णा आज सकाळी गेले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये.

उभ्यानेच टाइप करतेय. चुका असतील.

अण्णा आमचे शेजारी. मूळचे नामपूरचे, पण आयुष्य गेलं सातपूरच्या कंपनीत वेल्डिंग करण्यात. रिटायर झाल्यावरही दहा मिनिटं खुर्चीत बसले, तर काकू विचारायच्या, बरं वाटत नाही का.

मागच्या वर्षी आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला घरी आणायच्या आधी जिन्याला रेलिंग हवं होतं. तीन फॅब्रिकेटर "उद्या येतो" म्हणाले.

एकही आला नाही.

मी म्हटलं, मीच करते.

ऑनलाइन वेल्डिंगचं सगळ्यात मोठं मशीन बघून ठेवलं होतं. अण्णांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. घरच्या वायरिंगला हे झेपणार नाही, म्हणाले. सातपूरच्या दुकानात नेलं, दोनशे अँपियरचं छोटं इन्व्हर्टर मशीन निवडलं आणि ते उचलून मला दुकानात दोन फेऱ्या मारायला लावल्या. जे आपल्याला उचलत नाही ते घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

मग नुसतं घासकाम. पाइप जुने, रंगवलेले. रंग, गंज, तेल, काही म्हणजे काही राहता कामा नये. लोखंड चकाकलं की मगच रॉड लावायचा.

माझा जीव वरखाली. आई रविवारी येणार.

"पोरी, कसानी घाई शे तुले?" अण्णा त्यांच्या अहिराणीत विचारायचे.

शुक्रवारी ते बाहेर गेले होते. उरलेले चार जोड मी रंगावरच मारले. वरून इतके छान दिसत होते, की फोटो स्टेटसला टाकला.

संध्याकाळी अण्णा आले. जोडांकडे पाहिलं. पायरीवर उभं राहून अंगाचा भार रेलिंगवर टाकला.

जोड सुटला.

अण्णा तीन पायऱ्या खाली.

ते हळूहळू उठून बसले, मनगट चोळलं आणि म्हणाले, "मी पडलो ते बरं झालं. परवा तुझी आई पडली असती."

शनिवारी ते चारही जोड कापले, घासले, पुन्हा केले. अण्णा स्टुलावर बसून फक्त सांगत होते. मशीनला हातही लावला नाही. मला वाटलं, रागावलेत.

रविवारी आई रेलिंग धरून वर चढली. सगळे तिच्या पायांकडे बघत होते, अण्णा जोडांकडे.

सोमवारी अण्णा दिसले नाहीत. कांदे काढायला गावी गेलेत, काकू म्हणाल्या. महिनाभर गावीच होते.

आज काकूंनी खरं सांगितलं.

ते गावी गेलेच नव्हते. उजव्या मनगटाला फ्रॅक्चर होतं. प्लास्टर घालून अंबडला लेकीकडे राहिले. "तिला कळलं तर ती पुन्हा मशीनला हात लावायची नाही," एवढंच म्हणाले होते.

त्यानंतर मी टेबल केलं, झोपाळा केला, समोरच्यांचं गेट केलं. प्रत्येक वेळी कौतुकाने अण्णांना बोलावून दाखवलं. ते चहाचा कप डाव्या हातात धरायचे, हेही माझ्या कधी लक्षात आलं नाही.

आता घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. आई दोनदा म्हणाली, बस जरा.

अण्णा, माफी मागायची राहिली. आज सगळ्यांसमोर मागते.

सावकाश जा. तुमच्या पोरीचा नमस्कार.