दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘ब्रेकबाई’ म्हणत, तेही तोंडावर, आणि बाईंना ते आवडे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक दुसरा ब्रेक असतो. बाकीचे मास्तर तो धाडकन दाबतात आणि वर शिकणाऱ्याचा उद्धार करतात. बाई इतक्या हलक्या पायाने दाबत, की शिकणाऱ्याला वाटे, गाडी आपणच थांबवली. मग म्हणत, “छान थांबवलीत.” रस्त्याचे नियम काय, कुणीही घोकून पाठ करील. समोरचा माणूस घाबरलाय हे ओळखून तोंड बंद ठेवायला वेगळी अक्कल लागते, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे असं बाईंचं स्वतःबद्दल प्रांजळ मत होतं.

त्यांना गाडी शिकवली ती दादाने, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने. दादाने जन्मभर बस चालवली, कुणाला साधा धक्का लागू दिला नाही. आता पंचाहत्तरी उलटली तरी गाडी स्वतःच चालवायचा. अलीकडे मात्र दोनदा फाटकाच्या खांबाला घासून आला. परगावच्या मुलाने फोनवर त्याला ऐकवलं, की या वयात नजर किती मंदावते, पाय किती उशिरा हलतो, शास्त्र काय म्हणतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दादाने फोन ठेवला आणि मुद्दाम गाडी काढून भाजी आणायला गेला.

शेवटी वहिनींनी हात टेकले. “आता तुम्हीच बघा बाई. उद्या यांच्या गाडीखाली कुणी आलं, तर हे जिवंतपणी मरतील.”

रविवारी सकाळी बाई शिकाऊ गाडी घेऊन दादाच्या दारात हजर. “क्लच जड वाटतोय रे. जरा चालवून बघ ना.”

दादा खूश. आरसे नीट केले, सीट मागे घेतली आणि गाडी अशी काढली, की गिअर पडल्याचा आवाज नाही. शेजारी बसलेल्या बाईंना हायसं वाटलं. वहिनींना मेलं उगाच घाबरायची सवय, असंही मनात येऊन गेलं.

बाजाराच्या वळणावर एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन फुटपाथवरून खाली उतरला. बाईंनी त्याला पाहिलं, मग दादाकडे पाहिलं. दादा समोरच बघत होता, पण पाय हलत नव्हता. बाईंचा पाय ब्रेकवर गेला, नेहमीच्या सवयीने अलगद. शिडीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. त्यानंतर दादाचा पाय ब्रेकवर आला.

रंगारी दोन शिव्या हासडून पुढे गेला.

“बघितलंस?” दादाचा चेहरा फुलला होता. “सांग जाऊन तुझ्या वहिनीला. म्हणे म्हातारा झाला.”

छान थांबवलीस, हे शब्द बाईंच्या अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले. नवशिक्याला ही थाप चालते, कारण तो उद्या आजच्यापेक्षा बरी गाडी चालवणार असतो. दादा उद्या आजच्यापेक्षा वाईटच चालवणार होता. इतकी वर्षं ज्या गप्प बसण्याला आपण शहाणपण समजत आलो, तेच आज केलं तर तो शुद्ध भित्रेपणा होईल, हे त्यांना लख्ख कळलं. आणि कळल्यावर त्या थांबल्या नाहीत.

“दादा, ब्रेक मी दाबला.”

“काहीतरीच काय.”

“तुझा पाय नंतर आला. मी नसते तर तो माणूस गेला होता.”

दादाने वाकून बाईंच्या पायाकडे पाहिलं. पाय अजून ब्रेकवरच होता. मागे कुणीतरी हॉर्नवर हॉर्न मारत होतं. दादा चिडला असता, ओरडला असता, तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांना या भावाची फार माया आली. पण बोललेला शब्द परत घ्यावासा क्षणभरही वाटला नाही.

“मला कळलंच नाही गं,” दादा म्हणाला.

त्याने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. खाली उतरून, मागच्या हॉर्नवाल्याला हाताने थांबवून, गाडीला वळसा घालून तो बाईंच्या दाराशी आला आणि त्याने दार उघडलं.

“ऊठ,” तो म्हणाला. “आता तूच चालव.”