आबांचे डोळे उघडताना

मी माझ्या सख्ख्या काकांना एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता नाहीसं केलं.

हे मी मुद्दाम केलं नाही, असं मी घरात आतापर्यंत बऱ्याच वेळा सांगितलं आहे. कोणी वाद घालत नाही. नुसतं बघतात.

आबा म्हणजे नानांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. दोघं दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात राहतात, घरं समोरासमोर. विहिरीवरच्या मोटरीची पाळी कोणाची, यावरून दोघांत बोलणं बंद झालं आणि नऊ वर्षं आबा कानबाईच्या रोटाला आमच्या दारात आले नाहीत. खानदेशात कानबाई देवीचे रोट म्हणजे भाऊबंदांचं जेवण. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, त्याचे रोट करायचे आणि घरच्यांनीच खायचे. ज्याच्या नावाची मूठ राहिली, तो ते जन्मभर विसरत नाही.

यंदा आबा आले. कोणी समजूत काढली नाही, काही नाही. सकाळी आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "चहा टाक, अक्का." (अक्का म्हणजे माझी आई.) नानांनी सरकून जागा दिली. मला भरून आलं आणि भरून आलं की मला फोटो काढायची सवय आहे. सगळ्यांना दोन ओळींत उभं केलं, मोबाईल खुर्चीवर टेकवला, टायमर लावला आणि पळत जाऊन डाव्या टोकाला उभा राहिलो. एकूण सतरा जण. उजव्या टोकाला आबा, त्यांच्या शेजारी अक्का.

फोटो सुरेख आला. फक्त आबांचे डोळे मिटलेले.

"मना डोया मिटेल शेतस," आबा मोबाईल लांब धरून म्हणाले. "झोपेल दिखस मी."

नाना मला म्हणाले, "डोया उघाडी ल्हे. मोठा फोटो करू. पोळाले आबानाच हातनी भिंतवर लावू."

एका दमात एवढं नाना आबांबद्दल नऊ वर्षांत बोलले नव्हते. पोळ्याला तीन आठवडे होते.

माझी बायको नलिनी शहाणी आहे. ती म्हणाली, "फ्रेम दोंडाईच्याला युसूफभाईंकडे करायचीच आहे. डोळेही तेच उघडतील, त्यांचं रोजचं काम आहे."

पण मी जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे आणि तिथे कॉम्प्युटरचं काहीही अडलं की मलाच बोलावतात. (बहुतेक वेळा प्रिंटरमधला कागद संपलेला असतो.) मी म्हणालो, "एवढ्यासाठी युसूफभाई? पाच मिनिटांचं काम आहे."

आमच्या जळगावच्या घरचा कॉम्प्युटर जुना आहे. त्यावरचं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर त्याहून नवं आहे आणि दोघांचं पटत नाही. मी फोटो उघडला, आबांच्या चेहऱ्यापाशी गेलो, दुसऱ्या एका फोटोतला त्यांचा उजवा डोळा आणून बसवला. छान बसला. डाव्या डोळ्याला हात घातला आणि सॉफ्टवेअर बंद. पुन्हा सुरू केलं. उजवा डोळा जागेवर होता. डाव्याला हात घातला, पुन्हा बंद.

असं चौदा वेळा झालं! आणि दर वेळी मागे काय उरलं, तर एक डोळा उघडा, एक मिटलेला आणि शेजारी अक्का. आमचे पासष्ट वर्षांचे आबा भर कुटुंबात भावजयीला डोळा मारत होते.

नलिनी चहा घेऊन आली, पडद्याकडे बघून तशीच परत गेली. आतून हसण्याचा आवाज आला.

मी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मेमरी कमी पडते साहेब, जरा ओझं कमी करा." मी गाणी काढली, गेम काढले. मशीन तापतंय असं वाटलं म्हणून हॉलमधला कूलर ओढून त्याच्यासमोर लावला. पाण्याचे दोन शिंतोडे उडाले तेव्हा नलिनीनं तो परत नेला. मग मी डब्याचं झाकण उघडून आतली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडली. सॉफ्टवेअर तरीही डाव्या डोळ्यापाशी येऊन बंद पडायचं.

मग सुचलं, भावाभावांचे डोळे सारखेच असतात. एक एक करण्यापेक्षा नानांचे दोन्ही डोळे उचलून एकदम बसवू. बसवले. आता आबा सगळ्या कुटुंबाकडे असे रागानं बघत होते, जसे नाना मोटरीच्या भांडणात बघायचे. दुकानदाराला दाखवायला मी दर वेळेसारखा मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला आणि त्याच क्षणी सॉफ्टवेअर बंद पडलं. तेवढं मात्र बरं झालं.

पोळा आठवड्यावर आला. त्या रविवारी मी शेवटचा उपाय केला. सगळा फोटो उचलत नसेल तर आबांनाच वेगळं काढू, त्यांचे डोळे नीट करू, मग परत जागेवर ठेवू. आबांना अलगद कापून बाजूला घेतलं. मागची रिकामी जागा सॉफ्टवेअरनं भिंतीच्या रंगानं भरून दिली. इथवर उत्तम. डाव्या डोळ्याला हात घातला आणि नेहमीप्रमाणे सगळं बंद.

पुन्हा सुरू केल्यावर त्यानं विचारलं, अर्धवट राहिलेलं काम परत आणू का? मी हो म्हटलं. फोटो आला. आणि काय सांगू, सॉफ्टवेअर भराभर चालायला लागलं! उजेड वाढवला, चाललं. रंग सुधारला, चाललं. मला वाटलं, जमलं. मी आनंदानं ओरडलो, "नलिनी, बघ तरी!" ती कणीक मळत होती, म्हणाली, "थांबा, हात धुऊन येते." मी थांबलो नाही. फोटो युसूफभाईंना पाठवून दिला.

ज्याच्यापाशी अडत होतं तो माणूसच फोटोत राहिला नव्हता, म्हणून ते चालत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, माझं सगळं लक्ष ते बंद पडतंय का याकडेच होतं. दुपारी युसूफभाईंचा फोन आला, "भाऊ, उजव्या बाजूला भिंत फार रिकामी दिसते. कापू का? फ्रेम सुबक होईल." मी ऐटीत म्हणालो, "कापा ना, तुम्ही जाणकार आहात." हे वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा झाली, मांडे झाले आणि नानांनी कागदात गुंडाळलेली फ्रेम आबांच्या हातात दिली. आबांनी कागद काढला. चष्मा लावला. डावीकडून एकेकावर बोट ठेवत गेले आणि उजव्या टोकाला अक्कापाशी बोट थांबलं.

"सोळा शेतस," ते म्हणाले. "आपण सतरा व्हतूत."

आबांनी फ्रेम खाटेवर पालथी ठेवली आणि नानांकडे बघितलं. "भाऊ, माले काढानं तूच सांगं का याले?"

आबा चपला घालायला वळले तेव्हा नानांचा आवाज फुटला. "नऊ वरीस तू ऊना नही, तरी तुना नावनी मूठ मी कधी चुकाडी नही. आनि फोटोमातून काढसू तुले?"

आबा थांबले. एक पाय चपलेत, एक बाहेर. मुठी नाना एकटेच मोजतात, त्यामुळे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. अक्कानं पदर डोळ्यांना लावला.

"मंग मी गऊ कथा?" फोटोतून आपण गेलो कुठे, ते आबांनी विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी सॉफ्टवेअर, मेमरी, ओझं असं काहीतरी बोलू लागलो. आबा म्हणाले, "सतरा माणसंमातून मशीनले मीच सापडनू का?" मला लाज वाटली, खरंच वाटली. दोन म्हाताऱ्यांची नऊ वर्षांनी जुळलेली गाठ मी पाच मिनिटांच्या ऐटीपायी सोडवायला निघालो होतो. आता एकच उरलं होतं. मी मोबाईल काढला आणि आबांना आधीचे सगळे प्रयत्न दाखवले. आधी नानांचे डोळे लावलेले आबा. मग डोळा मारणारे आबा.

आबांनी मोबाईल लांब धरला. अक्कानं डोकावून बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. आधी नाना हसले. मग आबा असे हसले की त्यांना खाटेवर बसावं लागलं, आणि ते नानांच्या शेजारीच बसले.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ मला पुढे घालून युसूफभाईंकडे गेले. मूळ फोटो घेऊन युसूफभाईंनी आमचा चहा संपायच्या आत आबांचे दोन्ही डोळे उघडले. मग फ्रेमला पट्टी लावून म्हणाले, "फ्रेम मी भिंत कापून केली होती. आता हे आबा आले, तर दुसऱ्या टोकाचा एक जण बाहेर जाईल. नवी फ्रेम करू का?"

"नवी कसाले?" नाना म्हणाले.

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. दोन बोटं एकदमच माझ्याकडे वळली.

फोटो आता भिंतीवर आहे. डाव्या टोकाला माझ्या चुलतभावाच्या खांद्यावर नुसता एक हात दिसतो. पाहुणे विचारतात, हा हात कोणाचा, आणि आबा नानांच्या शेजारी बसून मोठ्या कौतुकानं सांगतात, "आम्हना कॉम्प्युटर इंजिनियरना."