वीस मेंढरांचा प्रश्न

सिद्रामप्पांच्या डाळीच्या दुकानात तीन मापे होती, आणि त्या तिन्ही मापांना रोज सकाळी विभूती लागे. आधी गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग मापांची. माप हातात धरून ते डोळे मिटत, ओठ हलवत, आणि मगच दुकानाची फळी काढत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हा क्रम चुकत नसे.

त्याच दुकानातल्या पोत्यांवर बसून त्यांची लेक नीलम्मा शिकली. मानसशास्त्रात एम.ए. झाली, बंगळूरला गेली, मनोरुग्णांच्या दवाखान्यात दोन वर्षे राबली, आणि १९७४ साली पीएच.डी.चे काम घेऊन सोलापूरला परतली. पेठेतले व्यापारी विचारीत, "अप्पा, लेक काय झाली म्हणायची?"

"डॉक्टर व्हायलीय."

"कशाची?"

"मनाची."

"मग सुई कुठं टोचणार?"

"तेवढंच शिकायचं राहिलंय बघा," असे म्हणून अप्पा डाळ मोजू लागत.

नीलम्माने अंगावर घेतलेले काम सोपे नव्हते. ज्या बायकांच्या हाती पाटी आली नाही, त्यांची बुद्धी मोजायची कशी? इंग्रजीतून आलेल्या जुन्या कसोटीत हिशेबाचे प्रश्न सफरचंदांवर होते. नीलम्माने सफरचंदे काढून टाकली. विणकरांच्या बायकांसाठी तिने साड्या घातल्या, शेतकरणींसाठी कणसे घातली, आणि धनगरांच्या बायकांसाठी, मोठ्या मायेने, मेंढरे. 'वीस मेंढरं होती. सात लांडग्यानं नेली. किती राहिली?' हा प्रश्न सुचला त्या दिवशी तिने सिद्धेश्वराला नारळ वाहिला होता. आपल्या मातीतला प्रश्न आपल्या माणसांना विचारायचा, यासारखी दुसरी सेवा कोणती, असे तिला वाटले होते.

दोन वर्षांत एकशे वीस बायका झाल्या. त्यांत एकतीस धनगरांच्या. तक्ते तयार होते, टंकलेखन अर्धे झाले होते. तिचे मार्गदर्शक डॉ. विरुपाक्ष जूनअखेर निवृत्त होणार होते, आणि त्यांनी एकदा नव्हे, दहादा बजावले होते: प्रबंध जूनच्या आत आला पाहिजे; नाहीतर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, आणि निदान दीड वर्ष वाया.

दर गुरुवारी ती सात रस्त्याजवळच्या एका मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसे. सन १९७६च्या माघात तिथे वळसंगची बनाबाई आपल्या सुनेला घेऊन आली. सून गोजाबाई, वय बावीस. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर फरशीवर.

"हिचं डोकं चालत न्हाय बाई," बनाबाई म्हणाली. "दुसरं पोर बी पोटातच गेलं, तवापासनं दगडावानी बसती. पंचांना दावायला कागुद द्या. आमाला धुळाप्पाचं दुसरं लगीन लावायचं हाय."

नीलम्माने लाकडी ठोकळे मांडले, घड्याळाची कळ दाबली. गोजाबाईने दोन नक्ष्या जुळवल्या. मग मेंढरांचा प्रश्न आला, आणि ती जी गप्प झाली ती शेवटपर्यंत. पुढचे ठोकळेही तिने हातात घेतले नाहीत. नीलम्माने रकान्यात शून्य लिहिले, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य; बेरीज केली आणि कागदावर सही केली: बुद्धी मंद. माप बोलले, आपण फक्त लिहिले, असे तिने मनाला सांगितले.

फाल्गुनात नीलम्मा काही कामाने करकंबला गेली. तिथे एका ऊसकऱ्याने खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतली होती. संध्याकाळ उतरत होती, जाळीच्या कुंपणाचे तोंड उघडे होते, आणि धुळीचा लोट उडवीत कळप आत शिरत होता. तोंडाशी एक बाई उभी होती. नीलम्माने पाहिले, तर गोजाबाई. सासरहून बापाकडे पाठवलेली.

दीडदोनशे जनावर तिच्या पायांजवळून गेले. ती काही पुटपुटत नव्हती, बोटे मोडत नव्हती. शेवटचे मेंढरू आत गेले तशी ती बापाला म्हणाली, "आबा, बांडी न्हाय आली. आन् तिचं कोकरू बी न्हाय. उसाच्या पाटाकडं ऱ्हायली असंल."

तिचा बाप बिरप्पा काठी उचलून गेला, आणि थोड्या वेळाने मेंढी पुढे, कोकरू काखेत, असा परतला.

नीलम्माच्या तोंडून प्रश्न निघूनच गेला. "किती आहेत हो सगळी मिळून?"

बिरप्पाने कोकरू खाली ठेवले. "बाई, आमच्यात तसं इचारत न्हाईत. जित्या जिवाची मोजदाद तोंडानं करायची न्हाय. बिरोबाचं हाय ते. आमी वळखतो; मोजत न्हाय."

मग गोजाबाई बोलली. नीलम्माकडे न बघता, पण एकेक शब्द नीट ठेवून. "त्या दिशी ह्यांनी तेच इचारलं की, आबा. वीस मेंढरं, सात लांडग्यानं न्हेली. माझं लेकरू जाऊन म्हयना झाला नव्हता. म्या तोंड कसं उघडू?"

काय वाटले असेल त्या क्षणी नीलम्माला! ज्या प्रश्नासाठी देवापुढे नारळ ठेवला, त्याच प्रश्नाने एका बाईचे घर मोडू घातले होते. चूक सफरचंदाची असती तर परक्याची म्हणता आली असती. ही चूक मायेने केलेली होती, आणि म्हणून पुरती आपली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने वडिलांना सगळे सांगितले. अप्पांनी ऐकून घेतले. हातातले माप खाली ठेवले.

"आपल्या दुकानातून कमी माप गेलं, तर काय करायचं?"

"गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन भरून द्यायचं."

"मग वळसंगची गाडी अकराला सुटते," अप्पा म्हणाले.

वळसंगला बनाबाईच्या अंगणात पंच बसलेच होते. अक्षय तृतीयेचा मुहूर्त ठरत होता. बनाबाईने पत्र्याच्या पेटीतून कागद काढून पुढे धरला. "ह्यो कागुद तुमचाच की. सही तुमची. आता फिरवता व्हय? शिकलेली बाय बी चुकती?"

"चुकते, मावशी. म्हणून तर आले." नीलम्मा उंबऱ्याशी खाली बसली. "मी तुमच्या सुनेला जे विचारलं, ते सगळ्यांना विचारते. धुळाप्पा, वीस मेंढरं होती. सात लांडग्यानं नेली. किती राहिली?"

धुळाप्पाने मान खाली घातली. एका पंचाने पागोटे सारखे केले, दुसऱ्याने देवळाच्या दिशेला हात जोडले. बनाबाईने पदर तोंडाला लावला. "असलं अभद्र इचारू नगा बाय. दारात तर मुळीच नगं."

"उत्तर येत नाही का?"

"येत न्हाय कशानं? द्यायचं न्हाय."

"गोजाबाईनं दिलं नाही, म्हणून मी तिला मंद लिहिलं. त्या हिशेबानं हे सगळं अंगण मंद ठरतं, मावशी. तुम्हीसुद्धा. आता असं सांगा, वीस घागरी पाणी आणलं, सात सांडल्या."

"तेरा की," बनाबाई फटकन म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिचा चेहरा उतरला.

धुळाप्पा पहिल्यांदाच बोलला. "बाई, मग तिला झालंय तरी काय?"

"दुःख झालंय. तिचं मूल गेलं, आणि त्यावर घरात कुणी एक शब्द बोललं नाही. तुम्हीसुद्धा नाही. तिला दर गुरुवारी माझ्याकडे आणा. आणि तुम्हीही आत बसा."

धुळाप्पाने आईच्या हातातला कागद घेतला, घडी घातली, आणि नीलम्माला परत दिला. "करकंबची गाडी किती वाजता हाय?" एवढेच त्याने विचारले. बनाबाई उठून आत गेली. पण थोड्या वेळाने तिने नीलम्मासाठी ताकाचा तांब्या बाहेर पाठवला.

एकतिसांतले एक, गोजाबाईचे, माप भरून दिले. तीस उरली होती. त्यांनाही तोच प्रश्न विचारलेला, त्यांच्याही नावापुढे तीच शून्ये, आणि त्या शून्यांवर उभा राहिलेला प्रबंधातला एक अख्खा तक्ता, जो सांगत होता की धनगरांच्या बायका बुद्धीने मागे. नीलम्माने विरुपाक्ष सरांना पत्र लिहिले. आठव्या दिवशी उत्तर आले. 'तळटीप द्या आणि सादर करा. परिपूर्ण प्रबंध कुणाचाच नसतो. मी जूनमध्ये जातो आहे.'

पत्र प्रेमाने लिहिलेले होते, आणि खोटेही नव्हते. नीलम्माने ते लिंगपूजेच्या पाटाजवळ ठेवले. सकाळी स्नान केले, विभूती लावली, आणि उत्तर लिहिले. 'सर, वळसंगच्या अंगणात मी चुकले असे सांगून आले आहे. तेच शून्य छापून आता त्या अंगणात कोणत्या तोंडाने जाऊ? क्षमा करा. मी पुन्हा मोजणार आहे.'

आणि ती निघाली. चैत्राचे ऊन, वैशाखाचे ऊन. कळप एका जागी नसतात. ते चाऱ्यामागे जातात, आणि ती कळपांमागे गेली. कुठे बसने, कुठे बैलगाडीने, पुष्कळदा पायी. घागरींचा प्रश्न घेऊन गेली, आणि आधी तो एका म्हाताऱ्या धनगरणीला ऐकवून, "ह्यात वावगं काय न्हाय," असा होकार घेऊन मगच पुढे विचारला. एका बाईसाठी तीनदा जावे लागले. जून आला, जून गेला. सर निवृत्त झाले. नवी नोंदणी झाली, नव्या मार्गदर्शकांनी आधीचे सगळे तपासायला मागितले, आणि तिने ते न कुरकुरता दिले.

१९७८च्या श्रावणात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी तक्ता पाहिला: धनगरांच्या बायका इतरांच्या बरोबरीला होत्या. त्यांनी पाने मागे उलटली आणि विचारले, "पहिल्या मोजणीत इतका फरक का पडला होता?"

"बायका तेव्हाही याच होत्या, सर," नीलम्मा म्हणाली. "माझं माप खोटं होतं." आणि तिने वळसंगच्या अंगणाची गोष्ट सांगितली.

पदवीचे कळले त्या गुरुवारी गोजाबाई दवाखान्यात आली. आता ती वर्षातून एखाददुसऱ्यांदा येई. कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. बाकावरच्या बायकांवरून तिने एकवार नजर फिरवली आणि नीलम्माला म्हणाली, "निळ्या लुगड्याची ती बाय मघाशी हितं बसलेली, ती न्हाय दिसत. जिन्यात रडत असंल. बघा की."

नीलम्मा पेन ठेवून उठली. ती बाई खरोखरच जिन्यात होती.