पास्कलचा डावा बूट

कारखान्यात किस्से भंगारासारखे साठतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, पण झाडायला घेतलं की प्रत्येक मशीनखालून थोडे थोडे निघतात. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जे साठलेत, त्यांतले निम्मे एका कुत्रीचे आहेत.

तिचं नाव पाना. पिल्लू असताना एका सकाळी ती हत्यारांच्या ट्रेमध्ये, पान्यांच्या मधोमध झोपलेली सापडली, म्हणून पाना. मी आणि पास्कल इन्स्पेक्शनला, म्हणजे क्वालिटीला आहोत. मशीनवर तयार झालेला प्रत्येक जॉब आम्ही मोजतो. मापात असला तर पास, नसला तर लाल टॅग. पाना आमच्या खोलीच्या दारात बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला हुंगते आणि सोडून देते. पण एखाद्याच्या बुटावर हनुवटी टेकवून बसली, की त्या माणसाचं काहीतरी बिनसलेलं असतं. आमचा लेथवाला साळवी याला ‘लाल टॅग लावला’ असं म्हणतो.

* * *

पहिला टॅग साळवीलाच लागला. तो कळव्याहून येतो आणि गेटपासूनच त्याचे विनोद सुरू होतात. त्या दिवशी तर रोजच्यापेक्षा जास्तच चालले होते. पानाने त्याच्या बुटावर हनुवटी टेकवली, ती काही केल्या उचलेना.

पॅकिंगच्या सुलभाताईंनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. साळवी म्हणाला, एकदम मजेत. जेवणाच्या सुट्टीत कळलं, की डबा नाही. विसरलास का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "विसरलो नाही. मिळाला नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला तो थेट पानाजवळ गेला, बिस्किटाचा अख्खा पुडा तिच्यासमोर फोडला आणि हळूच म्हणाला, "आज गप्प बसायचं हां."

* * *

एकदा एका मोठ्या कंपनीचा ऑडिटर येणार होता. आमचे मालक दामले साहेब दोन दिवस कोणाशी धड बोलत नव्हते. सगळ्यांना खात्री होती, की पाना साहेबांच्या पायाशी बसणार आणि पाहुण्यासमोर शोभा होणार. साळवीने तिला मागच्या शेडमध्ये बांधून ठेवलं. ती सुटून आली.

ऑडिटर तरुण होता, चेहरा कडक, हातात फाइल. पाना साहेबांना ओलांडून गेली आणि त्याच्या चकचकीत बुटावर हनुवटी टेकवून बसली. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग शांतपणे चहा मागवला आणि म्हणाले, बसा, घाई काही नाही.

अर्धा कप चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, माझं हे पहिलंच ऑडिट आहे."

* * *

सुलभाताईंना अर्धशिशीचा त्रास. डोकं चढायच्या तासभर आधी पाना त्यांच्या टेबलाखाली जाऊन बसते. आधी त्या हाकलायच्या. आता पर्समधून गोळी काढतात, पाण्याबरोबर घेतात आणि तिला सांगतात, "घेतली बाई. जा आता."

त्यांची तक्रार एकच आहे. रविवारी डोंबिवलीला घरी असल्या, की डोकं न सांगता चढतं.

* * *

आता पास्कलचं. हा किस्सा सांगताना आम्हाला दोघांनाही थोडी लाज वाटते, पण सांगायला हवा.

पास्कल ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. सहा फूट उंच, मोजून बोलणारा. त्याच्या मुलीचं, रीनाचं लग्न ईस्टरनंतर तीन आठवड्यांनी ठरलं होतं, आणि तो भलताच खुशीत होता. तरी फेब्रुवारीपासून पाना त्याच्या डाव्या बुटापासून हलेना. हुंगायची, चाटायची, दातांनी नाडी ओढायची.

आम्ही म्हटलं, बोंबील. त्याच्या डब्यात आठवड्यातून चार दिवस तळलेले बोंबील असतात, तेल गळलं असेल बुटावर. पण उपवासकाळ सुरू झाला. लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून त्याने यंदा ईस्टरपर्यंत मासेसुद्धा सोडले होते. डब्यात दुधी आला. पाना तिथेच.

मग आम्ही आमच्या धंद्याच्या पद्धतीने गेलो. एका वेळी एकच कारण काढायचं आणि फरक पडतो का ते बघायचं. पॉलिश बदललं. नाडी बदलली. जमीन फिनाइलने पुसली. पानाची जागा बदलली. रोजची नोंद मी करत होतो. तीन आठवडे गेले.

शेवटी मी म्हटलं, बूट बदलून बघू. साळवीचं आणि पास्कलचं माप एकच. साळवीने पास्कलचा डावा बूट घातला, दोन पावलं टाकली आणि ओरडला.

"अरे, यात खिळा आहे की काय? टोचतंय!"

पास्कल म्हणाला, "मला नाय टोचत."

पास्कलला बारा वर्षांपासून शुगर आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पाना साळवीच्या पायातल्या बुटाकडे ढुंकूनही न बघता पास्कलच्या काळ्या मोज्याला नाक लावून उभी होती.

सुलभाताई म्हणाल्या, "पास्कल, मोजा काढ."

लेथवरून उडालेली लोखंडाची टोकदार कपची बुटाच्या तळातून आत घुसून उभी राहिली होती. तिने करंगळीखाली जे केलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. शुगरने पाय बधिर झालेला, त्याला काहीच जाणवलं नव्हतं. मोजा काढला असता तर एका मिनिटात दिसलं असतं. आम्ही दोघं आयुष्यभर जॉब तपासत आलो, आणि तीन आठवडे मोजायचं गेजच तपासत बसलो.

* * *

डॉक्टरांनी सांगितलं, करंगळी जाईल. पाऊल राहील की नाही, ते जखम कशी भरते त्यावर.

पास्कलने एकच विचारलं, लग्नात चालता येईल का? त्यांच्याकडे बापाने मुलीचा हात धरून तिला चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत चालत न्यायचं असतं. त्याच्या मुलाने सुचवलं, की व्हीलचेअर ठेवू, हल्ली कोणी काही म्हणत नाही. पास्कल म्हणाला, "खुर्चीत बसून पोरगी देऊ? मग पार्सलच करा ना तिला."

* * *

करंगळी गेली. दर रविवारी साळवी पानाला रिक्षातून पास्कलच्या घरी न्यायचा आणि मी वर्कशॉपचं स्टॉपवॉच घेऊन जायचो. पट्टी सोडायची नाही, चाटू द्यायचं नाही, फक्त किती वेळ हुंगते ते मोजायचं. पहिल्या रविवारी दोन मिनिटं दहा सेकंद. दुसऱ्या रविवारी एक मिनिट पाच. पास्कलची बायको फिलोमिना आम्हाला चहा द्यायची, पण तुम्हा तिघांत त्यातल्या त्यात शहाणी कुत्रीच आहे, असंही सांगायची.

तिसऱ्या रविवारी तीन मिनिटं झाली तरी पाना हटेना. आदल्याच दिवशी नर्स पट्टी बदलून गेली होती आणि छान आहे म्हणाली होती. पुढची तारीख गुरुवारची. फिलोमिनाने गुरुवारची वाट पाहिली नाही, सोमवारी सकाळीच त्याला घेऊन गेली.

आत पू धरत होता. अगदी थोडा, टाक्यांच्या मागे. डॉक्टरांनी साफ केलं आणि म्हणाले, गुरुवारी आला असतात तर मी घोट्यापर्यंत कापायचं बोलत असतो. वरून तर काहीच दिसत नव्हतं, मग तुम्हाला कळलं कसं?

पास्कल म्हणाला, "आमच्या क्वालिटीने पकडलं."

* * *

लग्नाच्या दिवशी पास्कल चालला. बुटात पुढे कापूस भरला होता, हातात काठी नव्हती. साळवी माझ्या शेजारी उभा राहून पावलं मोजत होता; चाळीसनंतर त्याने मोजणं सोडलं आणि उगाच छताकडे बघत राहिला. रीनाने बापाचा हात धरला होता की बापाला धरलं होतं, ते मागून कळत नव्हतं. वेदीपाशी पोचल्यावर पास्कलने तिचा हात जावयाच्या हातात दिला आणि बाकावर बसला. बसताना त्याने आमच्याकडे बघून अंगठा वर केला.

पानाला आम्ही बाहेर फाटकाशी बांधलं होतं. समारंभ संपल्यावर सगळे बाहेर आले आणि साळवीने तिला सोडवून साखळी हातात घेतली. फोटो झाले, जेवणं झाली, बँडवाल्यांनी तीन-तीनदा तेच वाजवलं. पास्कल दिवसभर हसत होता. मुलीकडचे, मुलाकडचे, जो भेटेल त्याला पाय दाखवून म्हणायचा, बघा, नऊ बोटांवर पोरगी दिली.

संध्याकाळी रीना गाडीत बसली. तिने काच खाली केली. ती रडत होती, फिलोमिना रडत होती. पास्कल तेवढा ड्रायव्हरला रस्ता समजावून सांगत होता. घोडबंदरला सिग्नलपाशी डावीकडे घे, उजवीकडे खणलंय. दोनदा सांगितलं. गाडी सुरू झाली.

तेवढ्यात साळवीच्या हातून पानाची साखळी सुटली. ती लोकांच्या पायांतून वाट काढत पास्कलपाशी गेली. आम्हा सगळ्यांची नजर त्याच्या डाव्या पायाकडे गेली. पण तिने पायाला नाक लावलंच नाही. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि पुढचे दोन्ही पंजे तिने त्याच्या छातीवर ठेवले.

"अरे, सूट नवा आहे," पास्कल म्हणाला. "साळवी, धर हिला. सूट नवा आहे रे."

साळवी पुढे गेला आणि मध्येच थांबला. कारण पास्कलने तिचे दोन्ही पंजे आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले होते, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो तेच म्हणत राहिला, सूट नवा आहे, सूट नवा आहे.