काकाजींची घडी

काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशाच्या बाहीला मशीन मारत होते. फोन काकीजींचा होता, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. "टेलरबाई, तुये काकाजी गेले... सकाळी उठवाले गेली तं उठलेच नाही," एवढं त्या बोलल्या आणि फोन बंद करायचं विसरल्या. पलीकडे कोणीतरी अंगणातली खाट सरकवत होतं, ते मला ऐकू येत राहिलं. मी फोन ठेवला, बाहीची शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग स्कूटी काढली. हे वाचून कोणाला मी कोरडी वाटेन. वाटू दे. कामठ्याहून दवनीवाड्याला जाताना दोन्ही बाजूंना धानाचा रोवणा चालू होता, बाया चिखलात वाकलेल्या होत्या, आणि मी वाटभर एकच विचार करत होते की मला बघून काकीजी काय म्हणतील. कारण काकाजींचं काम मी बंद केलं होतं. सहा महिन्यांपूर्वी, पाच माणसांदेखत.

दुलीचंदजी तुरकर हे त्यांचं नाव. नात्याने माझे कोणी नव्हते, सगळेच त्यांना काकाजी म्हणायचे. दवनीवाड्याचे धानाचे शेतकरी, पण त्याआधी फौजेत हवालदार. फौजेतली त्यांची सगळी वर्षं एका लांबलचक टेबलापाशी गेली. उडी मारणाऱ्या जवानांची पॅराशूट तिथे बांधली जात. निवृत्त होऊन ते घरी आले, शेती पाहू लागले, आणि काही वर्षांनी कामठ्याच्या पुढे धावपट्टीजवळ विमानातून उड्या मारण्याचा एक क्लब सुरू झाला. धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की क्लबचा हंगाम सुरू व्हायचा आणि ऊन तापलं की संपायचा. गावातल्या लोकांना त्यात काय मजा आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकाजींना मात्र सायकलवरून तिथे जायला दुसरं कारण लागलं नाही. पहिल्या आठवड्यात ते नुसते उभे राहून बघत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिथल्या एका शिकलेल्या माणसाच्या हातातून पॅराशूट, त्यांच्या शब्दांत छत्री, काढून घेतली आणि म्हणाले, "हे बांधणं नोहे, हे कोंबणं आहे."

माझं त्या क्लबशी नातं जुळलं ते एका फाटलेल्या पट्ट्यामुळे. कामठ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, गणवेश, पडदे, जे येईल ते. क्लबच्या व्यवस्थापकांनी पाठीवरच्या पिशवीचा एक पट्टा शिवायला आणला, आणि तो बरोबर शिवलाय की नाही हे तपासायला काकाजी स्वतः आले. त्यांनी पट्टा उलटसुलट केला, टाके नखाने मोजले आणि मला विचारलं, "इथं दोनदा कायले मारली शिवण?" मी म्हटलं, "ओढ तिथेच बसते म्हणून." त्यांनी पट्टा खांद्यावर टाकला. "उद्या ये शेडमध्ये. टेलरबाईले छत्री बांधाले शिकवतो." मी विचारलं, मला काऊन? तर म्हणाले, "तू टाके मोजते म्हणून."

पॅराशूट बांधायला शिकणं हे ऐकायला जेवढं थरारक वाटतं तेवढंच करायला कंटाळवाणं आहे. शेडमध्ये एक जुनी सतरंजी, तिच्यावर पसरलेलं पातळ, सुळसुळीत कापड, आणि त्याला जोडलेल्या दोऱ्यांचा झुबका. दोऱ्या खांद्यावर घ्यायच्या, कापड समोर लोंबू द्यायचं, त्याचे कप्पे एकेक करून मोजायचे, दोऱ्यांचे चार गट मधोमध आणायचे, मग सगळं जमिनीवर निजवून अंगाच्या भाराने त्यातली हवा काढायची. ते कापड हवा सोडत नाही. एका टोकाला दाबलं की दुसऱ्या टोकाला फुगतं. मी बारा वर्षं कापडात काढलेली बाई, पण पहिल्या दिवशी तासभर त्या गाठोड्यावर लोळून पिशवीत निम्मीच छत्री गेली. काकाजी खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होते. "म्हैस बसल्यासारखी बसू नको. लेकराले निजवते तशी बस," म्हणाले. दीड महिना मी एकच जुनी छत्री बांधत होते. बांधून झाली की ते उठायचे, टोक धरून ओढायचे, माझी तासाभराची मेहनत सतरंजीवर सांडायची आणि ते फौजेतल्या हिंदीत म्हणायचे, "फिर से."

त्यांचे नियम दोनच होते. पहिला असा की बांधताना मध्ये कोणी बोललं, हाक मारली, फोन वाजला, तर हातातलं सगळं सोडायचं, कापड पसरायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. किती झालं होतं, काय राहिलं होतं, हे आठवत बसायचं नाही. "आठवते असं वाटते न, तेच खोटं असते," म्हणायचे. मला पहिल्यांदा हा हट्ट वाटला होता. आता सांगते, ती गणवेशाची बाही मी दुसऱ्या दिवशी पाहिली तेव्हा उलटी जोडलेली होती. उसवली.

दुसरा नियम खिडकीचा. मोठ्या छत्रीला ओढून बाहेर काढणारी एक हातभर छत्री असते. ती आधी वाऱ्यात उघडते आणि मग मोठी निघते. एकदा वापरली की ही छोटी मिटून मऊ पडते. बांधताना आतली दोरी ओढून तिला पुन्हा जागी करावी लागते. केली असेल तर तिच्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढी जी खिडकी असते तिच्यात हिरवी खूण दिसते. नसेल केली तर खिडकी कोरी. बाकी घडी कितीही देखणी असो, खिडकी कोरी असली तर मोठी छत्री पाठीवरच राहते. राखीव छत्री असते, ती उघडेलही, पण काकाजी म्हणायचे की राखीवच्या भरवशावर बांधणाऱ्याने धान लावावं, छत्रीला हात लावू नये. पिशवी बंद झाली की दुसऱ्या माणसाने खिडकी बघायची. माझी ते बघायचे, त्यांची मी. "माह्यावर बी भरवसा नाई ठेवाचा," हे त्यांनी मला पहिल्याच हंगामात बजावलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं सोपं होतं.

मी बांधलेल्या पहिल्या छत्रीवर कोण उडी मारणार हा प्रश्न होता, कारण कोणी पुढे येईना. शिंपीणबाईने बांधलेली छत्री म्हटल्यावर सगळ्यांना अचानक कामं आठवली. काकाजींनी ती पाठीवर चढवली. साठी उलटलेला माणूस. विमानाकडे जाताना मागे वळून म्हणाले, "दुकान बंद करून आली का? नाईतर गिऱ्हाईक वाट पाहून राहिलं असंल." मी बांधावर उभी राहिले. वर विमान माशीएवढं झालं, त्यातून एक ठिपका सुटला, आणि मी दीड महिन्यातली प्रत्येक घडी मनात पहिल्यापासून घालू लागले. कप्पे मोजले होते, दोऱ्या मधोमध होत्या, खिडकी... तेवढ्यात ठिपक्याच्या जागी निळं-पिवळं कापड उघडलं. वारा होता, त्यामुळे ते धावपट्टी सोडून कोणाच्या तरी लाखोळीच्या बांधीत उतरले. अर्ध्या तासाने चालत आले तेव्हा छत्री काखेत आणि खिशात लाखोळीच्या हिरव्या शेंगा. दोन मला दिल्या. "उघडाले जराशी कडक होती," एवढीच तारीफ. मला शेंग सोलता येईना. त्यांनी ती सोलून दिली.

त्यानंतर आठ हंगाम आम्ही त्या सतरंजीच्या दोन टोकांना बसून छत्र्या बांधल्या. गप्पा फार नव्हत्या, कारण गप्पा मारल्या की फिर से. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळ गप्प राहून ज्याच्याबरोबर काढला असा माणूस तोच.

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आभाळ भरून आलं होतं, उड्या लवकर आटोपायच्या म्हणून सगळ्यांना घाई. गोंदियाचे एक कापड व्यापारी दर हंगामात यायचे, पन्नाशीचे, हौशी. त्यांचीच छत्री काकाजी बांधत होते आणि ते शेजारी उभे. मध्येच त्यांनी विचारलं, "काकाजी, बारिश का क्या लगता है?" काकाजींनी मान वर केली, आभाळाकडे पाहिलं, "चार बजे के बाद आएगी," म्हणाले आणि हात पुढे चालू केले. त्यांनी छत्री पसरली नाही. पहिल्यापासून सुरू केलं नाही. मी समोर होते, माझे हात थांबले. आठ वर्षांत हे कधी झालं नव्हतं. त्यांनी पिशवी बंद केली, ती व्यापाऱ्यांनी उचलली, आणि मी उठून पट्टी उलटली. खिडकी कोरी होती.

मला ते गुपचूप करता आलं असतं. पट्टा सैल आहे असं काहीतरी सांगून पिशवी मागून घ्यायची, कोपऱ्यात जाऊन पुन्हा बांधायची. हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं, नंतर नव्हे. पण मग उद्याची छत्री? परवाची? मी म्हटलं, "काकाजी, खिडकी." ते आले, चष्मा वर सरकवून बघितलं. बराच वेळ बघितलं... मग म्हणाले, "सकाळपासून मी चार बांधल्या. सगळ्या उघड." मी उघडल्या. त्या बरोबर होत्या. ते म्हणाले, "बरोबर असल्या तरी आता काय," आणि छत्री बंद करताना वापरतात ती फितीची दोरी गळ्यातून काढून माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली. व्यापारी बिचारे सारखे म्हणत राहिले, "अरे, हो जाता है काकाजी, हो जाता है." काकाजी त्यांना एवढंच म्हणाले, "नहीं होता." सायकल घेतली आणि गेले. चार वाजता पाऊस आला.

पुन्हा ते शेडमध्ये आले नाहीत. मी दोनदा घरी गेले. चहा झाला, धानाच्या गोष्टी झाल्या, छत्रीचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही. मला माफी मागायची नव्हती, कारण मी चूक केली नव्हती. पण बरोबर असलेल्या गोष्टीचंही ओझं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तर त्या सकाळी दवनीवाड्याला पोचले, बाकी बायांसारखी काकीजींजवळ बसले. तेराव्या दिवशी तेरवीला मी पाहुण्यांच्या पंगती वाढल्या. छत्रीचा विषय काकीजींनी काढला नाही, मी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात गर्दी ओसरली म्हणून सहज गेले. काकीजी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि लोखंडी कपाट उघडलं. चादरी, लुगडी, टॉवेल, सगळं नागमोडी घड्यांत, रबर लावून बांधलेलं. "सहा महिने हेच धंदे," त्या म्हणाल्या. "मी धुवाची, ते बांधाचे. मंग मले म्हणाचे, तू पाह्य, बरोबर आहे का. मले का समजते त्यातलं? मी म्हणाची, आहे. तं म्हणाचे, पाहता नाई तू, तशीच म्हणते." आणि मग, कपाटाच्या दाराला धरून, फेब्रुवारीतल्या त्या दिवसाचं आपणहून सांगितलं. "तू त्यायची चूक धरली न, त्या दिवशी घरी आले, जेवले आन झोपले. थेट सकाळीच उठले. त्याच्या आधी दोन महिने झोप नोहती त्यायले. उठून बसाचे. मी विचारलं का झालं, तं म्हणे, हात विसरून राहिले, कोणाले तरी मारीन मी एखाद दिवशी. मी म्हटलं, मंग सोडा न. तं म्हणे, टेलरबाई पाह्यते का नाई ते पाहू दे."

काकीजींनी खालच्या खणातून एक मच्छरदाणी काढली, काकाजींनी शेवटची बांधलेली. "हे नाई उघडत मी," म्हणाल्या. "राहू दे अशीच." मी सांगितलं की राखीव छत्री कोणी वापरली नाही तरी ठरावीक महिन्यांनी उघडावी लागते, हवा द्यावी लागते, पुन्हा बांधावी लागते. बंद ठेवली तर कापड घडीवर चिकटतं, मग ऐनवेळी उघडत नाही. हे काकाजींनीच शिकवलंय. "पण मंग त्यायची घडी जाईल न." "जाईल," मी म्हटलं. "तशीच घालून देते."

त्यांनी थोडा विचार केला आणि टोक स्वतः धरून ओढलं. मच्छरदाणी एका झटक्यात अख्खी उघडली, कुठे अडली नाही. आम्ही ती अंगणात दोरीवर टाकली. तासाभराने जमिनीवर पसरून मी घड्या घालायला बसले. कोपरे जुळवले, हवा काढली, निम्म्यावर आले होते, तेव्हा स्वयंपाकघरातून काकीजींनी विचारलं, "चहा ठेवू का वं?"

"ठेवा," मी म्हटलं. हातातली घडी सोडली, मच्छरदाणी पुन्हा पसरली, आणि पहिल्यापासून सुरू केलं.