पॅकिंगला लावलेली पेस्ट

धरणात मासे पाळायचे आमचे पिंजरे आहेत. मी आणि माझा मोठा भाऊ मिळून ते सांभाळतो. ये-जा करायला एक जुनी मोटरबोट आहे. तिचं इंजिन आत बसवलेलं, आणि मागे पाण्यात उतरलेला पंख्याचा पाय. त्या पायातला पंप धरणाचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो. यंदा तो पंप गेला.

त्याच आठवड्यात आसेगावच्या एक ताई आल्या. त्यांची आई वारली होती. आईचं गाव या धरणात बुडालं, तेव्हा ताई लहान होत्या. माझ्या अस्थी आपल्या घराच्या जागेवर सोडा, असं आई सांगून गेली होती.

"रविवारी नेता का, भाऊ?"

मी लगेच हो म्हणालो. त्या गेल्यावर मोठा भाऊ म्हणाला, "मिस्त्री येऊ दे. माणसं बसवायची हायेत."

"कायले त्याची वाट पाह्यची? मी करतो."

मोबाईलवर व्हिडिओ लावून मी पाय सोडवला. पंपातल्या रबरी फिरकीची पाती झडली होती. नवी फिरकी बसवली. पंपाच्या जोडावरचं जुनं पॅकिंग खरवडून काढलं. नवं पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं, पण तेवढ्यावर माझा भरवसा बसेना. दोन्ही अंगांनी सिलिकॉनची पेस्ट थापली. काठाशी थोडा वेळ इंजिन चालवून पाहिलं. ठीक वाटलं, आणि मी दिवसभर तोऱ्यात फिरलो.

रविवारी ताई, त्यांचा भाऊ आणि एक म्हातारी मावशी बोटीत बसले. भावाच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश होता. निम्मं पाणी कापलं असेल, तोच तापमानाचा काटा चढला आणि जळका वास सुटला. मी इंजिन बंद केलं. वारा आम्हाला मागे ढकलू लागला. वल्हं एकच. मी ते मारत होतो, आणि ताईंचा भाऊ एका हातानं कलश धरून दुसऱ्या हातानं पाणी लोटत होता. त्याच्याकडे बघवेना.

"घर कुठीसा होतं?" ताईंनी विचारलं.

निघताना मावशीनं सांगितलेल्या जागेकडे मी समोर बोट दाखवलं. आम्ही तिथून लांब लांबच चाललो होतो.

ताईंनी तिकडे पाहिलं. मग भावाला म्हणाल्या, "इथंच सोड." तिघांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. मग भावानं कलश पाण्यात रिकामा केला. मी वल्हं आडवं धरून खाली मान घालून बसलो होतो.

मी फोन केल्यावर मोठा भाऊ शेजाऱ्यांची बोट घेऊन आला आणि दोर बांधून आम्हाला काठावर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पंप उघडला. दाबून बाहेर आलेली पेस्ट पाणी जायच्या भोकात गोळा होऊन बसली होती. मोठ्या भावानं ती नखानं उकरून माझ्या हातावर ठेवली.

आईच्या जलदानविधीच्या जेवणाला ताईंनी मुद्दाम बोलावलं. जायची लाज वाटत होती, तरी गेलो. ताई पंगतीत वाढत माझ्यापर्यंत आल्या.

"ताई, चूक माझी होती. मिस्त्रीसाठी थांबायले पाह्यजे होतं. आता बोट चांगली झाली. म्हणाल तेव्हा तुमाले त्या जागेवर नेतो."

त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली.

"आता काय घेऊन जाऊ, भाऊ?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पुढच्या ताटाकडे सरकताना एवढंच म्हणाल्या, "जेवा पोटभर."