सानियाला नोकरी कुणी लावली

गाव सोडलं त्या दिवशी स्टँडवर अब्बांनी माझ्या हातात फाइल दिली. सगळी प्रमाणपत्रं त्यांनी हौसेने लॅमिनेट करून आणली होती. "आता पाण्यात पडली तरी भिजणार नाहीत," ते म्हणाले. दुबईच्या नोकरीसाठी प्रमाणपत्राच्या पाठीवर सरकारी शिक्के लागतात आणि प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या प्रती मिळवण्यात चार महिने गेले. तेव्हापासून मी कागदपत्रांच्या याद्या करते.

म्हणून आपाची, माझ्या थोरल्या बहिणीची, मुलगी सानिया दुबईला निघाली, तेव्हा तिला मी यादी पाठवली होती. तिचे कागद चोख होते. त्यात युवकांना रोजगार देणाऱ्या सरकारी योजनेचं प्रमाणपत्रही होतं. तालुक्याच्या एका कार्यालयात तिने सहा महिने कारकुनाचं सगळं काम केलं. "सरकारी ऑफिसात चिकटली पोर," असं गावात तुम्ही सगळेच म्हणत होतात. सहा महिने झाले, खलास. तिच्या जागी दुसरी प्रशिक्षणार्थी आली.

इथे दुबईत व्हिजिट व्हिसावर दोन महिने ती माझ्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमधून इंटरव्ह्यूला जात होती. मरीनातल्या एका कंपनीच्या एचआरवाल्याने कागद पाहिला नि विचारलं, "ये तो ट्रेनिंग है, एक्सपीरियन्स किधर है?" शेवटी माझ्या ओळखीने इंटरनॅशनल सिटीत एका व्यापाऱ्याकडे तिला काम मिळालं.

आठवड्याभरात योजनेच्या केंद्रातल्या सरांचा मला फोन. "मॅडम, सानियाचं ऑफर लेटर पाठवा ना. नोकरी लागलेल्यांत दाखवायचंय. दुबई म्हणजे केंद्राचं नाव होईल."

"ही नोकरी तुम्ही लावलीत?"

"तसं नाही हो, पण प्रशिक्षण आमचंच ना."

"तिच्याबरोबर प्रशिक्षण घेतलेल्या अकरा मुली कुठे आहेत?"

"त्यांचं प्रोसेसमध्ये आहे."

मी फोन ठेवला. तासाभरात आपाचा आला. "देऊन टाक गं. हुदाचा योजनेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर आहे." हुदा म्हणजे सानियाची धाकटी बहीण.

मी सानियाला म्हटलं, अजिबात द्यायचं नाही. ती म्हणाली, "खाला, तू इथे आहेस. हुदाला तिथे राहायचंय." आणि तिने माझ्यासमोर लेटर पाठवलं. मी अडवलं नाही.

आता गावच्या चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागलाय, 'योजनेतून थेट दुबई'. हुदाची निवड झाली, सहा महिन्यांसाठी. आपाने पेढे वाटले. त्या अकराजणींपैकी चौघींचे मला मेसेज आले, "खाला, आमचा नंबर कधी?" काय लिहू?

मुलींनो, योजनेने सानियाला दुबईला पाठवलेलं नाही. ते लेटर खोट्यासाठी वापरलं गेलं आणि मी ते जाऊ दिलं. इथल्या ऑफिसात मी चुकीच्या कागदावर सही करत नाही, कुणी कितीही लाडाने हबीबी म्हणो. गावाकडून फोन आला की मात्र खोटं चालवून घेते. माझ्यासाठी घर आता त्या फोनापुरतंच उरलंय, आणि त्याचा मला संताप येतो.